रिस्तोचा डावा हात

रिस्तोला पुरून आलो त्याच दुपारी आम्ही एक घोटाळा केला, आणि तो अगदी मनापासून केला. सिडनीच्या दक्षिणेला, आमच्या पोर्ट केंब्ला बंदरातल्या जुन्या टोळक्यात वाजवणारा माणूस गेला की त्याला वाजवूनच निरोप देतात. पबात जमायचं, ॲम्प लावायचा, तो जे वाजवायचा ते सगळ्यांनी मिळून मोडकंतोडकं वाजवायचं आणि मग बियरचे घोट घेत रडायचं. आमचा ड्रमवाला गेला तेव्हा असंच केलं होतं. माझ्या वेळीही असंच करा म्हणून मी ग्लेनिसला, म्हणजे माझ्या बायकोला, बजावून ठेवलं आहे. त्यामुळे रिस्तोचाच ॲम्प गाडीत घालून मॅसेडोनियन चर्चच्या मागच्या हॉलमध्ये नेला, तेव्हा आपण काही वावगं करतोय असं माझ्या मनातही आलं नाही.

हॉलमध्ये काळ्या कपड्यांतल्या बायका लांब टेबलांशी बसल्या होत्या. पुढ्यात मासे, पाव आणि घेवड्याचं सूप. मी गिटारीला वायर जोडली, तार छेडायची नखी चिमटीत धरली आणि पहिलाच सूर असा दणकून मारला की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. सगळ्यांचे चमचे हवेतच थांबले. पाद्रीबुवा उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले. रिस्तोची धाकटी बहीण स्लावका टेबलांमधून वाट काढत आली आणि तिनं भिंतीतली वायर हिसकून काढली.

"नोएल, अक्कल गहाण ठेवलीस का रे? आईच्या घरात आता वर्षभर रेडिओसुद्धा लागणार नाही, आणि तू तिच्यासमोर हे सुरू करतोस?"

"अगं, पण त्याच्यासाठीच तर..."

"त्याच्यासाठीच नसतं वाजवायचं! पन्नास वर्षं आमच्या घरी जेवलास, एवढंही शिकला नाहीस?"

ती म्हणाली ते खरं होतं. त्यांच्याकडे घरातलं माणूस गेलं की वर्षभर घर मुकं असतं, हे साऱ्या पोर्ट केंब्लात माझ्याइतकं कुणाला ठाऊक असायला हवं होतं? त्याच रिवाजापायी मी एकदा रिस्तोला वर्षभर गमावलं होतं. पण दुःखात माणूस आपल्याच घरची रीत आठवतो, दुसऱ्याची विसरतो. मी गिटार गळ्यातून काढून मान खाली घालून उभा राहिलो.

तेवढ्यात टेबलाच्या टोकाहून त्याच्या आईनं मला बोटानं जवळ बोलावलं. तेत्का वेलिका. तेत्का म्हणजे त्यांच्यात मावशी म्हणा की आत्या म्हणा. रिस्तोच्या सगळ्या मित्रांची ती तेत्काच. नव्वदीला टेकलेली, रुमालाखालचा चेहरा एवढासा झालेला. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. तिनं माझा उजवा हात धरला, मूठ उघडली, आतली नखी काढून घेतली आणि आपल्या काळ्या स्वेटरच्या खिशात टाकली.

"चाळिसाव्या दिवशी घरी ये," ती म्हणाली. "गिटार आण. ती आवाजाची पेटी नको. वायर नको. हे पण नको."

"तेत्का, मग वाजणार कसं?"

"तो करायचा तसं."

स्लावका चमकली. "आई, काय बोलतेस? आपल्या घरात वाजवायचं?"

"वाजवायचं नाही. तो करायचा तसं करायचं." एवढं बोलून ती पुन्हा सुपाकडे वळली.

मी मनातून चरकलो. कारण रिस्तो त्या घरात काय करायचा, ते त्यानं जन्मात एकट्या मला सांगितलं होतं, आणि हॉस्पिटलात, शेवटच्या आठवड्यात, माझा हात घट्ट धरून म्हणाला होता, "मशीन, आईला कधी कळू देऊ नकोस." मी शब्द दिला होता. आता ही बाई मला त्याच घरात, त्याच गोष्टीसाठी बोलावत होती. तिला काही कळलं होतं की काय? आणि मेलेल्या मुलाला विचारता येत नाही तो जाब मला विचारणार होती की काय?

मला तो मशीन म्हणायचा, कारण सगळेच म्हणायचे. शिलाई मशीन. ते माझ्या उजव्या हातावरून पडलेलं नाव.

आता हे जरा समजावून सांगतो, कारण गिटारवाल्यांबद्दल लोक जे बोलतात ते बहुतेक सगळं ऐकून माझं डोकं फिरतं. लोक म्हणतात, एक असतो जलद वाजवणारा आणि एक असतो मनापासून वाजवणारा. साफ खोटं. जलद वाजवणारा काय मन घरी ठेवून येतो? मी पन्नास वर्षं हे वाद्य पोटाशी धरून आहे, आमच्या किनाऱ्यावरचे आणि टेपवरचे मिळून शेकडो गिटारवाले कान देऊन ऐकलेत, आणि मला विचाराल तर खरा फरक एकच आहे, सूर जन्माला कुठल्या हातातून येतो. कुणाचा उजव्या हातातून येतो, कुणाचा डाव्या. बाकी सगळं त्यातून निघतं.

माझा उजव्यातून. मी प्रत्येक सुराला नखी मारतो, एक खाली, एक वर, एक खाली, एक वर. सूर कितीही बारीक असो, त्याला टाका पडलाच पाहिजे. त्यासाठी तारा जाड लागतात आणि मनगट सैल लागतं. याचा फायदा असा, की प्रत्येक सुराला धार असते आणि ताल कधी घसरत नाही; पबात अडीचशे माणसं कोकलत असली तरी माझा सूर गर्दी कापून मागच्या भिंतीपर्यंत जायचा. तोटा असा, की सगळे सूर एका मापाचे होतात. ग्लेनिस म्हणते, तुझं वाजवणं ऐकलं की उशीचे अभ्रे शिवून झाल्यासारखं वाटतं.

रिस्तो पहिला सूर तेवढा नखीनं छेडायचा. पुढचे सगळे डाव्या हाताच्या बोटांतून पडायचे. बोट तारेवर आपटलं की सूर, बोट तार ओरबाडून उचललं की दुसरा सूर, आणि उजवा हात नुसता वर टेकलेला. त्याच्या तारा केसासारख्या बारीक. एका सुरात दुसरा मिसळायचा, मधे फट म्हणून नाही. आणि दोन सुरांच्या मधे तो बोटाची एक बारीकशी टिचकी मारायचा, ऐकू येते न येते इतकी. ती मला कधी जमली नाही. तार ओढून धरली की मी लगेच ती थरथरवतो, थांबवत नाही मला. तो सूर आधी सरळ धरून ठेवायचा, माणसाच्या जिवाला घोर लागेपर्यंत, आणि मग सावकाश हलवायचा.

आम्ही दोघं एकाच बँडमध्ये, साउथ गेट नावाच्या, स्टेजच्या दोन टोकांना. रविवारी दुपारी ब्रेकवॉटर पबात येणारी माणसं दारातून शिरतानाच डावीकडे नाहीतर उजवीकडे वळायची. त्याची बाजू आणि माझी बाजू. यावरून दोस्तीत फूट पडलेली मी पाहिली आहे. पोलाद कारखान्यात भट्टीवर काम करणारे दोन सख्खे भाऊ एका बाकावर डबा खाईनात, ते आमच्यामुळे. त्या टिचकीबद्दल तर लोक पैजा मारायचे, कुणी म्हणे ती अमुक अमेरिकनाकडून उचलली, कुणी म्हणे तमुक इंग्रजाकडून. रिस्तोला विचारलं की तो नुसता हसायचा.

पण सुरुवातीला तो असा वाजवायचा नाही, हे आता फारसं कुणाला आठवत नाही.

तो नऊ वर्षांचा असताना आईबापांबरोबर इकडे आला. बाप दिमे कारखान्यात, कोळशाचा कोक करायच्या भट्टीवर लागला. क्रिंगिलाच्या चढावर, कारखान्याच्या धुराड्यांसमोर, त्यांनी घर घेतलं. सिमेंटच्या पातळ पत्र्यांच्या भिंती, एका खोलीत शिंकलं तर दुसऱ्या खोलीतून कुणी तरी देव बरं करो म्हणायचं. दिमे शनिवार-रविवारी लग्नांत गायदा वाजवायचा. गायदा म्हणजे बकरीच्या कातड्याची पिशवी काखेत दाबून वाजवायचा पावा. पिशवीत एकदा हवा भरली की सूर थांबवता येत नाही, तो वाहतच राहतो. म्हणून दोन सुरांच्या मधे बोटाची टिचकी देऊन ते वेगळे करायचे. हे मला फार उशिरा कळलं, ते पुढे येईल.

मी कारखान्यात फिटर, रिस्तो छताखालच्या क्रेनवर. दोघांनी एकाच महिन्यात गिटारी घेतल्या आणि दोघंही नखी मारत सुटलो. तेव्हा आम्ही दोन मशीनं होतो, आणि खरं सांगायचं तर जास्त वेगाचं मशीन मी होतो. एकदा त्यांच्या अंगणात आम्ही वाजवत असताना दिमे राकिजाचा, त्यांच्या घरगुती दारूचा, पेला घेऊन आला, थोडं ऐकलं आणि आपल्या पोराला म्हणाला, "तुझे सूर एकमेकांशी बोलत नाहीत रे. सगळे आपापले उभे. रांगेत बस पकडायला आल्यासारखे."

"बाबा, हे रॉक आहे."

"असेल. पण श्वास कुठाय याला?" म्हणून तो आत निघून गेला. रिस्तोचे कान लाल झाले. मला हसू आवरेना, आणि तो मला म्हणाला, "हस, हस. तुझ्यात तरी कुठाय श्वास?"

पुढे आमचं नाव जरा किनाऱ्यावर पसरलं, सिडनीहून बोलावणी येऊ लागली, एका उन्हाळ्याचा दौरा ठरला. आणि त्याच वसंतात दिमे गेला. सकाळी अंगणात मिरच्या भाजायची चूल पेटवत होता, तिथंच बसला आणि उठला नाही.

मातीनंतर चार दिवसांनी रिस्तो माझ्या दारात आला. दाढी वाढलेली, हातात गिटारीची पेटी नाही. त्याला पेटीशिवाय बघायची मला सवयच नव्हती.

"मी वर्षभर नाही," तो म्हणाला.

"म्हणजे? अरे दौरा..."

"वर्षभर वाजवायचं नाही. घरात नाही, बाहेर नाही. टीव्हीवर आईनं चादर टाकलीय."

"अरे लेका, तुझ्या बापाला गिटार आवडत तरी होती का?"

"नव्हती ना," तो म्हणाला. "म्हणून तर."

मला राग आला. फार आला. ज्याच्यासाठी आम्ही घाम गाळला ते दारात उभं होतं आणि हा चादर टाकून बसणार! पण त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि दौऱ्याचं बोलणं तिथंच सोडलं. दाप्टोचा एक गिटारवाला घेऊन आम्ही दौरा केला. बरा वाजवायचा बिचारा. लोकांनी टाळ्या दिल्या, आणि परत कुणी बोलावलं नाही.

वर्ष सरल्यावर एका रविवारी दुपारी रिस्तो ब्रेकवॉटरमध्ये आला. कुणाला वाटलं होतं हात आखडला असेल, कुणाला वाटलं लाजेल. तो आपल्या बाजूला जाऊन उभा राहिला, तार लावली आणि सात मात्रांचं एक काही तरी सुरू केलं. आम्ही कुणी ते आधी ऐकलं नव्हतं. मी त्याच्या उजव्या हाताकडे बघत होतो, कारण माझी नजर नेहमी तिथंच जाते. तो हात हलतच नव्हता. सूर मात्र वाहत होते, ओढ्याला पाणी यावं तसे, आणि मधे ती टिचकी. वाजवून झालं तेव्हा माझ्या बाजूची माणसंसुद्धा त्याच्या बाजूला सरकलेली होती. मी वाजवायला घेतलं खरं, पण माझं मलाच ऐकावंसं वाटेना.

त्या दिवसापासून लोक जो रिस्तो ओळखतात तो हा. ते सातातलं वाजवल्याशिवाय आमचा कार्यक्रम संपत नसे.

मोठे झालो नाही आम्ही. पबातलेच राहिलो, कारखान्यातलेच राहिलो. त्यानं लग्न केलं नाही, आईबरोबर त्याच घरात राहिला. पण एक गोष्ट मला बोचायची. तेत्का वेलिका त्याला ऐकायला कधी आली नाही, आणि तो घरात चुकूनही गिटार काढायचा नाही. ती माझ्या गॅरेजमध्ये ठेवायचा. एकदा आम्ही बंदराच्या धक्क्यावर गळ टाकून बसलो असताना मी विचारलंच.

"ते वर्ष उलटून किती वर्षं झाली, आता तरी घरी वाजव की. म्हातारीला ऐकू दे."

त्यानं गळाची दोरी बोटाला गुंडाळली. मग म्हणाला, "मी ते वर्ष पाळलं नाही, मशीन."

"म्हणजे?"

"पहिले काही आठवडे पाळलं. मग पहिल्या पाळीहून दुपारी घरी यायचो, खोलीचं दार लावायचो आणि गिटार मांडीवर घ्यायचो. वायर नाही, नखी नाही. उजवा हात मांडीखाली दाबून ठेवायचो. तार छेडली नाही तर ते वाजवणं नव्हे, असं मी मला समजावलं. नुसती डाव्या हाताची बोटं आपटायची. अगदी हळू. आई स्वयंपाकघरात, भिंतीपलीकडे, काळ्या कपड्यांत." त्यानं गळ ओढून घेतला. आमिष केव्हाच गेलं होतं. "लोक ज्या हातासाठी टाळ्या वाजवतात ना, तो चोरीचा आहे. बापाचं वर्ष चोरलं मी. आईला फसवलं. तिच्यासमोर तोच हात कसा चालवू?"

"जाऊन सांगून टाक तिला."

"काय सांगू? की तू चादरी टाकत होतीस तेव्हा तुझा पोरगा सराव करत होता?"

मी त्याला मूर्ख म्हणालो, आणखीही बरंच काही म्हणालो. त्याचा काही उपयोग झाला नाही. तो एक ओझं घेऊन जगला आणि आम्ही त्या ओझ्याला टाळ्या देत राहिलो.

मग त्याच्या छातीनं दगा दिला. हॉस्पिटलात त्याचा डावा हात पांघरुणावर सारखा चालू असे; चार बोटं, खालीवर. तेत्का वेलिका शेजारी खुर्ची घेऊन बसायची. तिची नजर हातावर गेली की तो मूठ मिटून घ्यायचा. सदुसष्टीला आलेला माणूस आईपासून हात लपवत होता. तेव्हाच त्यानं माझ्याकडून तो शब्द घेतला.

तर आता मी काय करायचं? जायचं तर शब्द मोडायची भीती, न जायचं तर तेत्काचं बोलावणं. आणि समजा गेलो, तरी करणार काय? माझा डावा हात सगळं आयुष्य उजव्याच्या जिवावर जगलेला. पहिल्या दिवशी गॅरेजमध्ये बसलो, नखी नाही, वायर नाही, उजवा हात मांडीखाली. ते सातातलं मला झोपेतही येतं, त्याच्याबरोबर हजार वेळा वाजवलंय. पण बोटं आपटली तर सूर निघेचना. निघाले ते ठोकळे. तासाभरात करंगळी उठेनाशी झाली.

ग्लेनिस दारात आली. "छतात पॉसम शिरलाय का गं बाई कुठं? केव्हाची खुडखुड ऐकतेय."

"जनावर नाही, मी आहे."

"तू? हे वाजवणं आहे?"

"नाही," मी म्हणालो. "तेच तर."

रोज बसलो. हळूहळू एक गोष्ट कळत गेली, जी शेजारी उभं राहून कधी कळली नव्हती. उजवा हात नसला की सूर जोरात करता येत नाही; मग तो टिकवायचा कसा? दुसरं बोट पडेपर्यंत पहिलं उचलायचंच नाही. घाई केली की सूर मरतो. रिस्तोचं ते सुरात सूर मिसळणं शौकाचं नव्हतं. मुक्या घरात दुसरा इलाजच नव्हता. अमेरिकन नाही आणि इंग्रज नाही. चाळीस वर्षं स्टेजच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून मी हे पाहिलं नाही, आणि आता तो नाही तेव्हा माझी बोटं मला सांगत होती. गॅरेजमध्ये मी एकटाच होतो म्हणून बरं.

चाळिसाव्याला सकाळी कबरीवर गेलो. बायकांनी दगडावर उकडलेले गहू, पाव आणि वाईन मांडली, पाद्रीबुवांनी म्हटलं ते म्हटलं. मग सगळे क्रिंगिलाच्या घरी आले. जेवणं झाली, पाहुणे पांगले. स्लावका भांडी घासायला बसली होती, तिला तेत्का म्हणाली, "राहू दे. तू घरी जा आता."

"आई, पण याला इथं..."

"जा म्हटलं ना."

स्लावकानं माझ्याकडे असं पाहिलं की आता काही झालं तर याद राख. मग ती गेली.

तेत्कानं मला रिस्तोच्या खोलीत नेलं. पलंग, कपाट, कपाटावर कापडात गुंडाळलेली दिमेची गायदा. टीव्हीवर चादर होती ती येताना दिसलीच होती. मी पलंगाच्या कडेवर बसलो. ती दारात उभी.

"कर," ती म्हणाली.

मी उजवा हात मांडीखाली घेतला आणि डाव्या हाताची बोटं टाकायला सुरुवात केली. सात मात्रा. तारांतून फक्त बारीक टकटक आणि तिच्या आत लपलेला सूर. एक फेरी झाली, दुसरी सुरू केली, आणि तिनं हात वर केला.

"नाही. तू पळतोस. तो इथं थांबायचा." तिनं हवेत बोट वर धरून ठेवलं, धरूनच ठेवलं, आणि मग सोडलं. "मग खाली. आणि मधे हे." तिनं अंगठ्यावर बोटाची टिचकी मारली. ती टिचकी. जिच्यावर पैजा लागायच्या, ती.

माझी बोटं तारांवरच राहिली. "तेत्का... तुम्ही तर त्याला कधी ऐकलं नाही."

"रोज ऐकला. वर्षभर." तिनं भिंतीवर हात ठेवला, पातळ पत्र्याच्या भिंतीवर. "मी पलीकडे. मिरच्या सोलायची, कधी नुसती बसायची. एकदा शेजारीण आली, म्हणाली, काय वाजतंय गं वेलिका, या घरात? म्हटलं, छतात पॉसम आहे."

मला हसू आलं आणि ते तोंडातच अडकलं.

"पहिल्या दिवशी राग आला," ती म्हणाली. "उठले होते, दारापर्यंत गेले. मग ओळखलं, काय करतोय ते. दिमेचं करतोय. आमच्या लग्नात मला बापाच्या घरातून बाहेर काढायला आला ना दिमे, तेव्हा हेच वाजवत आला. त्याचीच बोटं. मग कशी थांबवू? हे घर वर्षभर मुकं राहिलं असतं तर मी मेले असते रे, नोएल."

मी रिस्तोला शब्द दिला होता. पण तो शब्द काहीच ठाऊक नसलेल्या आईसाठी होता, आणि ही ती आई नव्हतीच. मी सांगून टाकलं. म्हणालो, "तेत्का, त्याला वाटायचं तुम्हाला माहीत नाही. त्याला वाटायचं, त्यानं तुम्हाला फसवलं. म्हणून घरी कधी वाजवलं नाही. मरेपर्यंत त्याला तसंच वाटत होतं."

तिनं दाराची कड सोडली. मग सावकाश पलंगावर माझ्या शेजारी बसली.

"मी कॉफी ठेवायची," ती म्हणाली. "रोज. या दाराबाहेर, खाली. टकटक चालू असतानाच ठेवायची, थांबल्यावर नाही. म्हटलं, कप दिसला की समजेल, आई ऐकतेय, तिची हरकत नाही. कप रिकामा परत यायचा. मला वाटलं, समजलं त्याला." तिनं रुमालाचं टोक तोंडावर धरलं. "मग नंतर घरी वाजवेना. पबात वाजवतो, माझ्यासमोर नाही. मला वाटलं, आता त्याला आईला ऐकवायचं नाही. मोठा झालाय. म्हणून गेले नाही कधी ऐकायला. बोलावलं असतं तर गेले असते ना."

एका भिंतीच्या दोन बाजूंना बसून दोघांनी एकमेकांचा मान राखला होता, आणि त्यात आयुष्य गेलं होतं. मला रिस्तोला गदागदा हलवून सांगावंसं वाटत होतं. कप, गाढवा! कप बघ ना!

ती उठली. स्वेटरच्या खिशात हात घातला, माझी नखी काढली आणि कपाटावर, गायदाच्या शेजारी ठेवली.

"वर्ष झालं की ने," ती म्हणाली. "तोवर पहिली पाळी सुटते त्या वेळेला येत जा. दुपारी."

"तेत्का, मला त्याच्यासारखं नाही येत."

"माहीत आहे. ऐकलं ना." तिनं दार ओढून घेतलं. "इथं थांब म्हटलं तिथं थांब, बाकी येईल."

तिची पावलं स्वयंपाकघराकडे गेली. नळ वाहिला, मग थांबला. मग भिंतीपलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, अगदी भिंतीला येऊन टेकल्याचा. मी उजवा हात मांडीखाली दाबला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.